मास्तर आज नाहीत

"मास्तर आहेत का?" शाळेच्या कारकुनाने दारातूनच विचारले.

"आज नाहीत," ताई म्हणाली. हातातल्या शर्टावरून तिने नजरही काढली नाही.

कारकून गोंधळला. कारण मास्तर त्याच्या कोपराशीच होते. शिंप्याच्या त्या दुकानाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होते, त्यावर भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून ते शांत बसले होते.

"अहो, हे काय, इथेच तर बसलेत!"

"कोण बसलंय? मला तर बाई कुणी दिसत नाही," काज-बटणं करणाऱ्या मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तुला दिसतंय का रे रेडिओ?"

मशीनवरच्या कारागिराचे नाव रेडिओ पडले होते, कारण मशीन थांबले तरी त्याचे तोंड थांबत नसे. "एक म्हातारा दिसतो खरा. पण तो आपला नव्हे. आपला असता तर एव्हाना माझ्यावर ओरडला असता."

मास्तरांच्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवले.

मास्तरांची ही रीत जुनी होती. त्यांची मुलगी ताई लहान असताना ते एकदा तापाने आजारी पडले होते, तेही नेमके शाळा उघडण्याच्या तोंडावर. कापायला दुसरे कुणी नव्हते. दुकानाला कुलूप लागले आणि गणवेशाचे काम दुसरीकडे गेले. ते परत मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्यांनी सगळ्याचा विचार करून ठेवायला सुरुवात केली. वीज गेली तर म्हणून एक मशीन पायाने चालणारे ठेवले. छत गळून कापड भिजले तर म्हणून प्रत्येक रंगाचा एक तागा ताईच्या आत्याच्या घरी, तिच्या पलंगाखाली ठेवला. आत्या दर वर्षी कुरकुर करी, "मी झोपते की दुकानाची राखण करते?" आणि दर वर्षी नवा तागा आत सरकवून घेई.

आणि महिन्यातून एक दिवस मास्तर स्वतःच 'नसत'. त्या दिवशी ते बाकावर बसत. कुणी काही विचारायचे नाही, त्यांनी काही सांगायचे नाही. चहा आला तरी त्यांना द्यायचा नाही.

"नसलेल्या माणसाला चहा देतं का कुणी?" ते बजावत.

"पिंडापुढे तरी ठेवतात," मावशी एकदा म्हणाल्या होत्या, आणि सगळ्यांत मोठ्याने मास्तरच हसले होते.

संध्याकाळी दुकान आवरले की ताई बाहेर येऊन विचारी, "बाबा, आलात का?"

"आलो," असे म्हणून ते उठत, आत येत आणि दिवसभर काय काय चुकले ते शांतपणे समजावून सांगत. रागावत नसत. ताई आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला कापायला शिकवले तेही असेच. "दोन्ही तळहात जोड बघू. अंगठ्यासमोर अंगठा आला ना? दोन्ही हात सारखे, पण एकमेकांकडे तोंड करून. बाह्यांचंही तसंच. कापडाची सुलटी बाजू सुलटीला भिडवायची, मगच कात्री लावायची. म्हणजे एक बाही उजवी निघते, एक डावी."

अलीकडे मास्तर एकच माप दोनदा विचारू लागले होते. चष्मा डोक्यावर असताना टेबलाखाली शोधत. ताई बघत होती. वयच झालंय, असे ती मनाशी म्हणे आणि दुसऱ्या कामाला लागे.

कारकून येऊन गेल्याला काही दिवस झाले होते आणि शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. गणवेशांचा मोठा ढीग मास्तरांनी आदल्या दिवशी स्वतः कापला होता. त्या सकाळी बाह्या जोडता जोडता रेडिओ गप्प झाला. इतका वेळ गप्प, की मावशींनी विचारले, "काय रे, सेल संपले का?"

एक बाही घेऊन तो ताईकडे आला, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या उजव्या हाताच्या होत्या. ताईने गठ्ठा सोडला. खालपर्यंत एकही डावी नव्हती. कापडाचे सगळे थर एकाच बाजूने अंथरले गेले होते.

मास्तर जवळ आले. त्यांनी एक बाही आपल्या डाव्या हातात चढवली. खांद्याचा खोलगट भाग पुढे यायला हवा, तो मागे गेला. त्यांनी ती काढून दुसरी चढवली.

"कुणी कापलं हे?" त्यांनी विचारले.

रेडिओ आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मास्तरांनी बाही उलटली. कोपऱ्यात खडूची छोटी खूण होती. ते तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले.

"खूण तर माझी आहे," ते हळूच म्हणाले.

"बाबा, होतं असं कधी कधी. घाई होती ना..."

"घाई नव्हती." त्यांनी गळ्यातली टेप काढून खिळ्याला अडकवली. "आत्याकडचा तागा मागव. तेवढ्या कापडात डाव्या बाह्या निघतील. कटिंग तू कर."

"तुम्ही उभे राहा ना जवळ."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कात्री उचलली आणि नेहमीच्या सवयीने मूठ ताईकडे करून तिच्या हातात दिली. मग ते बाहेर जाऊन बाकावर बसले. तो दिवस त्यांच्या नसण्याचा नव्हता.

रेडिओने तागा आणला. ताईने कापड अंथरले, बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा उलटा ठेवला, पुन्हा तपासला. 'बाबा, जरा बघता का?' हे दोनदा तिच्या ओठांवर आले आणि दोन्ही वेळा तिने ते गिळले. कात्रीची मूठ मास्तरांच्या अंगठ्याने झिजलेली होती. तिचा अंगठा त्या खळग्यात सैल पडत होता.

दुपारी कारकून आला. "मास्तर आहेत का?"

मावशींची सुई थांबली.

"आज नाहीत," ताई म्हणाली.

कारकुनाला आता ही गंमत ठाऊक झाली होती. तो बाकाकडे बघून हसला. "वा मास्तर, या महिन्यात दोनदा सुट्टी! आमचं काम होतंय ना वेळेवर?"

मास्तरांनी तोंड रस्त्याकडे फिरवले.

"होईल," ताईने आतून सांगितले.

संध्याकाळी डाव्या बाह्या लागलेले शर्ट घडी होऊन रचले गेले. उरलेल्या उजव्या बाह्यांचे मावशींनी मुकाट्याने गाठोडे बांधले. ताई कपात गरम चहा घेऊन बाहेर आली.

मास्तर दोन्ही तळहात जोडत होते, वेगळे करत होते, पुन्हा जोडून अंगठे बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "आलात का?"

त्यांनी वर पाहिले. आत कटिंगच्या टेबलावर दिवा जळत होता.

"नाही गं," ते म्हणाले. "दुकान चाललं का नीट?"

"चाललं."

"मग झालं."

ती त्यांच्याजवळ बसली. तिने कप पुढे केला.

"नसलेल्या माणसाला चहा देत नाहीत," त्यांनी तिला समजावून सांगितले, ती लहान असताना सांगत तसेच.

ताईने मान डोलावली. कप तिने तसाच त्यांच्यापुढे धरून ठेवला.