झाडं झोपायची वेळ

सिंधूने कोपरापर्यंत हात खालच्या टाकीत घातला आणि मूठभर शेवाळ ओढून बादलीत टाकलं. समुद्री शेवाळ ते, पिसासारख्या पानांचं, आठवडाभर हात लावला नाही की टाकी गच्च करून सोडणारं. दिवाणखान्यातल्या वरच्या टाकीत, चार फुटांच्या काचेमागे, नारंगी-पिवळे मासे ऐटीत फिरत. त्यांची घाण मात्र नळीनं खाली उतरे आणि टाकीखालच्या लाकडी कपाटात, दार लावलं की कुणाला दिसणार नाही अशा जागी, हे शेवाळ खात असे. म्हणून वरचं पाणी काचेसारखं राहायचं आणि आल्यागेल्याची वाहवा वरच्यांना मिळायची.

"लातुरात प्यायला पाणी न्हाई, अन् आमच्या घरात समुद्र हाय," तिचे सासरे हणमंतराव सोफ्यावरून पाहुण्याला सांगत होते. "पण सगळं सूनबाईचं बरं का. तिच्याबिगर ह्यातलं पान हलत न्हाई."

पाहुणे म्हणजे शिवमूर्ती, कारखान्यातले त्यांचे जुने जोडीदार. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग ते नोकरीचं काय? कागद आलाय म्हणं किनवटच्या आश्रमशाळेचा?"

"आलाय की. विज्ञानाची बाई म्हणून. तिथंच ऱ्हावं लागतंय. आम्ही कुठं न्हाई म्हणायलोत? जा म्हणलं. ह्या मुक्या जिवांचं काय करायचं, तेवढं तिनंच सांगावं."

सिंधूने बादली उचलली आणि मागच्या अंगणात गेली.

गंमत अशी की या घरात तिला नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नवरा दयानंद खताच्या दुकानातून यायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, "मी आडवतो का? बाबांना विचार." बाबा माशांकडे बोट दाखवायचे. आणि मासे बिचारे बोलत नाहीत. येत्या सोमवारी हजर झाला नाहीत तर यादीतल्या पुढच्याला बोलावू, असं पत्राच्या तळाशी लिहिलेलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ही पहिलीच नोकरी चालून आली होती. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली कसं उतरायचं ते कुणी शिकवत नाही. सिंधूला तर आता त्या कौतुकाचा सरळ सरळ राग येत होता.

टाकी धाकट्या दिराने आणली होती, वडिलांच्या निवृत्तीची भेट म्हणून. टाकी ठेवून तो पुण्याला निघून गेला. खारं पाणी कालवणं, ते मोजणं, शेवाळ उपटणं आपसूक सिंधूच्या गळ्यात आलं. शिवाय कपाटातल्या दिव्याची राखण होतीच. तो दिवा चोवीस तास जळता ठेवावा लागे. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर. शेवाळ अंधारात पडलं की एकाएकी पांढरं पडतं आणि इतके दिवस खाल्लेली सगळी घाण एकदम पाण्यात ओकतं. मग वरचा एक मासा जगत नाही.

हे घराला अनुभवानं कळलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी सिंधू चुलतबहिणीच्या लग्नाला चाकूरला माहेरी गेली होती, तीनच दिवस. सासूबाई शरणम्मा दिवेलागणीनंतर कढीपत्त्याचं पानसुद्धा तोडत नाहीत, झाडं झोपलेली असतात म्हणून. त्यांनी कपाटातल्या हिरव्या पानांवरचा उजेड पाहिला, जीव कळवळला आणि दिवा मालवला. दोन रात्री झाडाला झोपू दिलं. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पालथे. हणमंतरावांनी नवे मासे आणले आणि तेव्हापासून ते हा किस्सा पाहुण्यांना सांगत, चहासोबत. "आमची बायको शेवाळाला झोपवती," म्हणत आणि हसत. त्यानंतर सिंधू एक रात्रही माहेरी राहिली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी हणमंतराव मठात गेले होते. सिंधू गच्चीवरचे कपडे घेऊन खाली आली तर कपाटाच्या फटीतून रोज येणारी उजेडाची रेघ दिसेना. पंखा तर फिरत होता.

शरणम्मा कपाटाला पाठ लावून वाती वळत बसल्या होत्या.

"आत्याबाई, दिवा कुणी मालवला?"

"मी."

"अवो, पण तुमाला ठावं हाय की..."

"ठावं हाय म्हणूनच." त्यांनी वात मांडीवर घासली. "मासेच न्हाईत म्हणल्यावर तुला कोण धरून ठेवतंय? सकाळची नांदेडची गाडी धर, तिथून किनवट."

"अन् तुमी?"

"मी त्यांच्या लेखी येडीच हाय. तीन वर्सं सांगतेत, आनिक धा वर्सं सांगतील. मला काय नवीन हाय का त्यात?"

सिंधू कपडे तसेच हातात धरून उभी राहिली. तिला रडू आलं आणि ते तिनं आवरलंही नाही. पिवळा मासा काचेपाशी येऊन तोंड उघडत-मिटत होता, खायची वेळ झाली होती त्याची. तिनं कपडे खाली ठेवले, दिवा लावला. शरणम्मांचा चेहरा उतरला.

मग सिंधूने बादली ओढली, बाही वर केली आणि शेवाळ उपटायला लागली. मूठभर नव्हे, सगळं. दगडाला धरलेले तंतू नखांनी सोडवले, तळाचा शेवटचा धागा चिमटीनं काढला. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी वाहू लागलं.

"हे काय करायलीस तू?"

"शेवाळच न्हाई तर ओकंल काय? मासे जगतेत, आत्याबाई. घाणीपायी आठ दिसाला थोडं पाणी बदलावं लागतंय, एवढंच. ते कुणालाबी जमतंय."

शरणम्मा उठल्या आणि जड बादलीच्या कडीला त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला.

दारात चपला वाजल्या. हणमंतरावांनी आधी सवयीनं माशांकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे, मग बादलीकडे.

"हे कुणी केलं?"

शरणम्मांनी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सरावानं चेहराही वेडगळ करून ठेवला होता.

"मी," सिंधू आधीच म्हणाली. तिच्या कोपरावरून खारं पाणी फरशीवर ठिबकत होतं. "या मामा, बाह्या वर करा. पाणी कसं बदलायचं ते दावते. उद्या सकाळी माझी गाडी हाय."