अस्वलाचा गुडघा

ताथवड्यातला आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ म्हणजे एक कुटुंब आहे, असं रिसेप्शनच्या भिंतीवरच लिहिलंय. मला ते पटायचं. कॉलेजात असताना इथले चित्रपट पाठ होईपर्यंत पाहिले होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी तर देवळात शिरावं तशी चप्पल दाराशी काढली. वॉचमनने ती परत घालायला लावली.

इथली रीत अशी, की पात्र हलवण्याआधी खरा माणूस ती हालचाल करून दाखवतो आणि त्याचं शूटिंग बघत आम्ही काम करतो. नव्या चित्रपटातल्या म्हाताऱ्या अस्वलासाठी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवलं.

"अस्वल व्हायचं काय देत्यात?"

"काही नाही, अण्णा."

"फुकटचं अस्वल व्हय? लई हुशार हाय तुमची कंपनी."

चाकणच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये मशीनपुढे उभं राहून राहून कामातून गेलेला गुडघा चोळत ते कट्ट्यावर बसले. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून हळूच बाजूला बघितलं. अस्वल मला तिथे सापडलं.

चैत्रात अण्णा गेले. कुटुंबाने नियमाएवढी रजा दिली आणि ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लावली. मी परतले तेव्हा आमचे सुपरवायझर कुलदीपसर मी अण्णांवरून केलेलं अस्वलच बघत होते.

"इंद्रायणी, लंगडणं काढ. गुडघा चोळणंही. फार सॅड होतंय. आजोबा कसे क्यूट हवेत."

काढलं. स्टुडिओच्या संग्रहातली एक तयार चाल बसवली. अस्वल मॉलमध्ये फिरायला आल्यासारखं चालू लागलं.

"यात जीव नाही गं," पुढच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले. "खऱ्या माणसावरून घे ना. घरी कोणी म्हातारं नाही का?"

शेजारी बसलेल्या प्राजक्ताने मान खाली घातली.

"होतं," मी म्हणाले.

सर पडद्याकडेच बघत होते. "मग त्यांनाच चालव!"

मी जागेवर आले आणि लंगडणाऱ्या अस्वलाची जुनी फाइल नवं नाव देऊन पाठवली.

"बघ! सांगितलं की कसं सुधारतं. फायनल."

"तुमची नजरच तशी आहे, सर."

शूटिंग आम्ही आवाज बंद ठेवून बघतो. कामाला तो लागत नाही. त्या संध्याकाळी मी हेडफोन लावले आणि आवाज चालू केला.

"झालं का गं तुझं अस्वल?" कट्ट्यावरून अण्णा विचारत होते.

"झालं," मी म्हणाले.