भरलेली बाटली

केसरीनाथने गाडी सागाच्या सावलीला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून बसून राहिला. पुढे डांबर संपत होतं. तिथून खडीची वाट झाडांतून उतरत तानसा तलावाकडे गेली होती.

“पुढं न्हाय जायची गाडी,” तो म्हणाला. “टायर फाटंल.”

“मी चालत जाते.”

“ऊन बघ गो केवढं हाय. पाहिजे तर उतरत्या उन्हाचं येऊ.”

विनिताने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. आत एक लुगडं आणि नारळ होता. ही पिशवी देव्हाऱ्याखालच्या कपाटात कधीची भरून ठेवलेली होती, आणि दरवेळी केसरीनाथला काही ना काही कारण सापडत होतं. कधी गाडीचा क्लच, कधी गोदामाचा भाडेकरू, कधी भावकीतली हळद. आता मुलाचं, दीपेशचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. त्याआधी तलावाकाठच्या त्या बाईच्या हातात लुगडं ठेवायचंच, असं काल तिने सांगितलं तेव्हा मात्र त्याला कारण सापडलं नाही. सकाळी मुकाट्याने गाडी पुसत उभा राहिला.

“तुम्ही नाही येत?”

“तू जा. मी हाय इथं.”

ती उतरली. चपलेखाली खडी कुरकुरली आणि विनिताचा पाय क्षणभर अडखळला. दीपेश सांगायचा, ‘आई, त्या वाटेवर सायकल चालली ना, की लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो.’ तिला खडी ठाऊक होती ती घरासमोरच्या, राहनाळच्या रस्त्यावरून धूळ उडवत जाणाऱ्या डंपरमधली. त्या खडीवर मजेने कुणी सायकल चालवतं, हे तिला कधी पटलं नव्हतं.

पोराचा आठवडा गोदामात जायचा. कंटेनर, खोकी, पत्र्याखालची गरमी. रविवारी पहाटे तो निघायचा, अंबाडी नाक्यावरून आत वळायचा आणि टेकड्या, जंगल, तलावाचा काठ करून ऊन चढायच्या आत घरी यायचा. जाड चाकांची, मेंढ्याच्या शिंगासारख्या हँडलची ती सायकल केसरीनाथनेच घेऊन दिली होती. विनिता नको म्हणत होती. “हायवेला ट्रेलर हायेत,” तो तेव्हा म्हणाला होता. “जंगलात ट्रेलर तरी न्हाईत.”

दीपेश गेल्यावर वर्षभर ती केसरीनाथला एकच वाक्य ऐकवत आली होती, जेवताना, दिवा लावताना, कधी काही कारण नसताना. “तुम्ही दिलीत सायकल.” तो मान खाली घालून ताटातला भात कालवत राहायचा. एकदाही उलट बोलला नव्हता.

घशाला कोरड पडली. आज रविवार होता. दीपेश सायकल काढून बाहेर पडला, की तो परत उंबऱ्याच्या आत येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा नियम तिने वज्रेश्वरीच्या पायरीवर बसून घेतला होता. तिच्या बाकीच्या नियमांसारखाच तोही बिनबोभाट चालायचा. दीपेश आधी आधी थट्टा करायचा. “घरात बसून मला ब्रेक लावते ही,” म्हणायचा. मग कधीतरी त्याने थट्टा बंद केली. घरात शिरला की हेल्मेटही न काढता आधी माठाकडे जायचा, तांब्या भरून तिच्यापुढे धरायचा आणि तिचा घोट घशाखाली उतरलेला पाहिला की मग स्वतः प्यायचा.

तो घरी आलाच नाही, तेव्हा नियम सुटणार कसा? मग तिनेच ठरवलं, रविवारी दिवेलागणीपर्यंत.

वाट वळली आणि तलाव दिसला. पाणी आटून आत गेलं होतं. काठाची माती भेगाळली होती. पलीकडच्या टेकड्या उन्हात पांढुरक्या पडल्या होत्या. एका झापासमोर, कुडाच्या खोपटासमोर, जुन्या पातळावर मोहाची फुलं वाळत घातली होती आणि काठी घेऊन एक म्हातारी कोंबड्या हाकत होती.

“गुणाबाई?”

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“मी दीपेशची आई. सायकलवाल्या दीपेशची.”

म्हातारीने काठी खाली ठेवली. जवळ येऊन तिचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, “नाक तुझ्यावर गेलं होतं त्याचं. ये बाय, सावलीत ये.”

दोघी कुडाला टेकून बसल्या. विनिताने लुगडं आणि नारळ तिच्या हातात ठेवला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

“अगं, हे काय!” गुणाबाईने पाय आखडून घेतले. “मला कशाला?”

“त्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं शेवटाला. माझ्या नाही.”

गुणाबाईने लुगड्यावरून हात फिरवला.

विनिताला जे विचारायचं होतं, ते तिने वर्षभर घोळवलं होतं. पोलिसांनी सायकल आणून दिली तेव्हा दांडीला पाण्याची बाटली अडकवलेली होती. झाकणापर्यंत भरलेली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगातलं पाणी आटलं होतं. पाणी जवळ असताना? डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्याच्या मित्राला, मनोजला विचारलं, तर तो फक्त एवढंच म्हणाला, की त्या दिवशी मी सोबत नव्हतो काकू, तो दर रविवारी जिच्याकडे थांबायचा त्या गुणाबाईला माहीत असेल. आणि शेजारची ठकुबाई नळावर हळूच बोलली ते विनिताच्या कानावर आलंच. ‘पाणी असून पोर प्यायला न्हाय, म्हंजे त्याच्या मनातच काय तरी असंल.’ त्या दिवसापासून विनिता देवासमोर डोळे मिटून बसली की देव दिसायचा नाही, ती बाटली दिसायची.

ती तोंड उघडणार, तोच गुणाबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली.

“पी. लांबून आलीस.”

“नको. आज चालत नाही मला.”

तांब्या धरलेला गुणाबाईचा हात तसाच राहिला.

“तो पण असाच बोलायचा,” ती म्हणाली.

“कसा?”

“असाच. ‘आज चालत न्हाय, आजी.’ दर खेपेला पाणी पुढं करायची मी. तो डोक्यावर ओतून घ्यायचा, गळ्यातलं फडकं भिजवायचा, पण तोंडाला लावायचा न्हाय. मी म्हणायची, कसला रं तुझा उपास? तर हसायचा. ‘माझा न्हाय, आजी, आईचा हाय. ती तिकडं घोट घेत न्हाय, मग मी इकडं कसा पिऊ?’”

एक कोंबडी मोहाच्या फुलांत शिरली. गुणाबाईने तिला हाकललं नाही.

“थंडीच्या दिवसांत भागून जायचं. त्या दिवशी चाक पंक्चर झालं होतं त्याचं. टेकडीपलीकडनं सायकल ढकलीत आला भर दुपारचा. इथं, या इथं बसला. डोळे लाल. उठून जायला बघायचा, ‘आई थांबली असंल’ बोलायचा. मग आडवाच झाला. मी डोकं मांडीवर घेतलं, तांब्या लावला तोंडाला. म्हटलं, पी रं बाबा, आईला कोण सांगायला जातंय!” गुणाबाईने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. “ओठ मिटून घेतले त्यानं. पाणी असं गालावरनं गेलं.”

विनिता पुढ्यातल्या जमिनीकडे बघत होती. तिथे मातीखेरीज काही नव्हतं. तिने हात पुढे करून ती माती सारखी केली, सारवल्यासारखी, एकदा, पुन्हा एकदा.

“बाय,” गुणाबाई म्हणाली, “मी बोलायला नको होतं का?”

“नाही,” विनिता म्हणाली. “विचारायलाच आले होते.”

ऊन कलल्यावर ती उठली. परतताना खडी वाजत राहिली.

केसरीनाथ गाडीबाहेर उभा होता. ती जवळ आली तसं त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दार उघडून आत बसला. गाडी वळली. वज्रेश्वरीचा कळस मागे गेला. विनिताचे हात जोडले गेले नाहीत. त्याने ते पाहिलं. बाई भेटली का, लुगडं दिलं का, काय म्हणाली, यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

अंबाडी आली तरी विचारलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याने गिअर बदलला. पुढे रिकामा रस्ता होता, गिअर बदलायची गरज नव्हती.

“मला बोलला होता तो,” तो म्हणाला. “आईला सांगू नका, पप्पा. ती नियम सोडंल आणि मग मनाला लावून घेईल. मी त्याला म्हटलं, थंडीपुरतं कर. उन्हाळ्यात न्हाय. हो बोलला होता मला.”

“आणि नंतर?”

“नंतर कुणाला सांगू? तुला?”

विनिताने खिडकीकडे तोंड केलं. सायकल तुम्ही दिलीत. किती वेळा म्हटलं असेल? आणि हा माणूस भात कालवत राहिला.

कडेने सायकलवाल्या पोरांची रांग घराकडे निघाली होती, धुळीने माखलेली. शेवटच्याने एका हाताने बाटली काढली, मान मागे टाकली आणि घटाघटा प्यायला. विनिताने मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं.

केसरीनाथने दाराच्या खणातली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

“घे,” तो म्हणाला. “सोड आता.”

ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. तिने बाटली घेतली, झाकण फिरवलं, ओठांपर्यंत नेली. पाणी कोमट होतं, त्याची ऊब नाकाला लागली. ती तशीच थांबली. मग तिचे ओठ मिटले.

तिने झाकण लावलं.

“तुम्ही प्या,” ती म्हणाली. “तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाही.”

केसरीनाथने बाटली हातात घेतली. तिच्याकडे पाहिलं. आणि न उघडताच ती परत खणात ठेवून दिली.

राहनाळला गोदामांचे दिवे लागले होते. गेटसमोर ट्रेलर आडवा लागला होता, म्हणून गाडी थांबली. इंजिनाच्या थरथरीने बाटलीतलं पाणी झाकणाखाली बारीक हलत होतं. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहत नव्हतं.