पिवळट पाइप

"घरची आहेस म्हणून माझं मत मिळेल, या भ्रमात राहू नकोस," सासूबाईंनी सुनेला आधीच बजावलं होतं. बिल्डिंगच्या समितीच्या अध्यक्ष ना त्या! सगळ्या घरांना सोलारचं गरम पाणी द्यायचं काम कुणाला द्यायचं, ते आज ठरणार होतं. सून प्लंबर. एवढं मोठं काम मिळवायची तिची ही पहिलीच संधी, म्हणून नमुना दाखवायला तिनं स्वतःच्याच न्हाणीघरात जोडणी केली होती. सकाळपासून जीव नुसता टांगणीला लागला होता.

दुपारी समितीची मंडळी दाराशी दाटीवाटीनं उभी राहिली. सुनेनं ऐटीत नळ सोडला. वाफाळतं पाणी आलं, आणि काय सांगावं, भिंतीवरचा पाइप सगळ्यांदेखत कमरेत वाकला! सांध्यातून पिचकारी उडाली, खजिनदार टुणकन मागे उडाले.

सुनेनं धावत जाऊन वरचा व्हॉल्व्ह बंद केला. गेलं काम हातचं! तिला रडूच फुटायचं बाकी होतं. मग तिनं पाइपाकडे नीट पाहिलं. वाकलेला तुकडा पांढराशुभ्र होता. तिनं तर सगळा पिवळट पाइप घातला होता, नव्वद अंशांच्या पाण्यालाही दाद न देणारा. पांढरा थंड पाण्याचा. साठाच्या पुढे तो मऊ पडतो.

"हा इथे कुणी घातला?"

"मी," दाराआडून नवरा म्हणाला. तो पेशानं शिंपी. "तू सकाळी बाहेर गेलीस तेव्हा. तो पिवळा पडलेला दिसत होता गं. म्हटलं, लोक म्हणतील जुना माल खपवला. म्हणून तुझ्या पिशवीतला नवाकोरा तुकडा..."

"अरे देवा! तो मुळातच पिवळट असतो!"

"माप मात्र चोख घेतलं होतं हं."

"माप चोख, पण कापड चुकलं ना!"

मंडळी खो खो हसली. नवऱ्यानं आईकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

सासूबाईंनी चष्मा सावरला. "त्याला कशाला बोलता? पाइप जुनाट दिसतोय, असं त्याच्या कानाशी मीच पुटपुटले होते. मला तरी काय कळतंय त्यातलं! सुनेनं घातलेले पाइप बघा, सगळे कसे ताठ आहेत."

आणि पहिला हात त्यांनीच वर केला. पाठोपाठ बाकीचेही हात वर गेले. सुनेचे डोळे भरून आले. उत्साहाच्या भरात, समितीत नसूनही, नवऱ्यानंही हात वर केला.

"तू खाली कर!" सासू-सुना एका सुरात ओरडल्या.