लामिस्कोसला हद्दपार व्हायचं होतं

लामिस्कोसला हद्दपार व्हायचं होतं. हो, बरोबर वाचलंत. अथेन्समधली नावाजलेली माणसं खापरांच्या दिवशी मुठीत जीव धरून बसायची. प्रत्येकानं फुटक्या मडक्याच्या खापरावर नकोशा माणसाचं नाव लिहायचं, आणि ज्याचं नाव सर्वांत जास्त खापरांवर निघेल, त्यानं दहा दिवसांत गाशा गुंडाळायचा आणि दहा वर्षं नगराबाहेर राहायचं, असा कायदाच होता. आणि हा बाबा पंधरवडाभर नवरदेवासारखा फुलून फिरत होता!

त्याचंही बरोबर होतं म्हणा. वीस वर्षं बाजाराच्या ओसरीवर उभा राहून तो घसा फोडून सांगत होता की, नगरात कुणीही एवढं मोठं होऊ नये की त्याच्यापुढे बाकीच्यांनी डोकं वापरणं सोडून द्यावं. मग तो सेनापती असो, वक्ता असो, नाहीतर पुजारी. वीस वर्षांत त्याला कुणी साधी शिवीसुद्धा दिली नाही. लोक ऐकायचे, "छान बोलता हो," म्हणायचे आणि ऑलिव्ह घ्यायला जायचे. अशा कौतुकानं माणूस झुरेल नाहीतर काय! आपले विचार नगराला झोंबतात, एवढं एकदाच कुणीतरी कबूल करावं, इतकंच त्याचं मागणं होतं.

मग त्यानं कंबर कसली. मासळीबाजारात पिंपावर चढून तो ओरडला, "तुमचा सेनापती अंद्रोमेनेस म्हणजे नुसतं शिरस्त्राण! आत डोकंच नाही!"

मासेवाला पोट धरधरून हसला. त्यानं ओंजळभर तारल्या पुढे केल्या. "घ्या गुरुजी, आज फार दिवसांनी हसवलंत."

लामिस्कोसनं त्या मुकाट्यानं घरी नेल्या. त्याची बायको फिलिन्ना मासे साफ करायला बसली.

"अहो, म्हणजे तुम्ही खरंच जाणार? दहा वर्षं?"

"लोकांची इच्छा असली तर जावंच लागेल."

"आणि शेळीचं दूध कोण काढणार? मला लाथा घालते ती."

"फिलिन्ना, इथे नगराच्या भवितव्याचा प्रश्न आहे!"

"मग नगराला सांगा दूध काढायला."

एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. पण मतदानाच्या आदल्या दिवशी यानं निरोपाची पंगतच घातली! मसुरीचं कालवण, मधातल्या वड्या, पाणी घातलेली द्राक्षाची दारू. एकेकाला मिठी मारून रडला, ठेवणीतला अंगरखा चुलतभावाला देऊन टाकला. पाहुणे ताव मारून जेवले. कुठे जाणार, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

बोलला तो फक्त बाख्खिओस कुंभार, त्याचा लहानपणचा दोस्त. "लाज बाळग लेका. जन्मभर मोठ्यांच्या नावानं खडे फोडलेस आणि आता स्वतःच मोठा ठरायला निघालास?"

लामिस्कोसला ते फार लागलं. "तुला नाही कळायचं. तू आपली माती मळ," तो फटकन म्हणाला. बाख्खिओस तोंडातला घास कसाबसा गिळून उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकाला फळ्यांचं कुंपण घातलं होतं. जो तो आपापल्या कुळाच्या दारानं आत जात होता, खापरावरचं नाव तळहाताशी दाबून. लामिस्कोस टाचा उंचावून लोकांच्या मुठींत डोकावत होता. स्वतः त्यानं इमानेइतबारे अंद्रोमेनेसचं नाव लिहिलं. आपलं आपण लिहिण्याइतका काही तो घसरला नव्हता.

मोजणी दुपार टळेपर्यंत चालली. दवंडीवाल्यानं घसा खाकरला. "अंद्रोमेनेस, तीन हजार आठशे दहा!" एकच गलका उठला. मग दुसरं नाव, तिसरं नाव. लामिस्कोस गर्दीतून पुढे सरकला. पंधरावं, विसावं. आणि सर्वांत शेवटी, "लामिस्कोस, एक!"

अख्खा चौक खदखदून हसला. "काय गुरुजी, स्वतःचंच लिहिलंत वाटतं?" कुणीतरी ओरडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्याला.

तो तडक बाख्खिओसच्या दुकानात गेला. आणखी जाणार कुठे! बाख्खिओस चाकावर होता, त्यानं मान वर केली नाही.

"सगळ्यांना वाटतंय, ते खापर माझंच," लामिस्कोस रडकुंडीला येऊन म्हणाला.

"माझं होतं ते."

"तुझं? कालचा राग काढलास? माझी थट्टा केलीस?"

"थट्टा?" बाख्खिओसनं चाक थांबवलं. "अरे, पूर्वी सभेत बाकीच्यांचे हात वर गेले की माझाही जायचा. सुखात होतो. तुझं ऐकून ऐकून डोक्यात किडा शिरला. गेल्या साली बेटावर स्वारीसाठी गलबतं पाठवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांचे हात वर आणि माझा मांडीवरच. विचार करत बसलो! सख्खे भाऊ अजून बोलत नाहीत माझ्याशी. म्हटलं, हा माणूस दहा वर्षं टळला तर माझा हात पुन्हा आपोआप वर जाईल."

लामिस्कोस ओली मडकी ओलांडत त्याच्याजवळ गेला. "म्हणजे... मी घातक आहे?"

"महाघातक आहेस मेल्या!"

लामिस्कोसला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि चिखलानं भरलेल्या बाख्खिओसला अशी मिठी की दोघंही ओल्या मडक्यांवर कोसळले.

"आणि परवाच्या सभेत? हात वर करणार?" धापा टाकत त्यानं विचारलं.

"माहीत नाही," बाख्खिओस त्याला ढकलत म्हणाला. "मला ठरवू दे. आणि तू मध्ये बोलू नकोस."