भोरीची घंटा

खुटबावच्या शिवेवर, कालव्याच्या अंगाला गेणबाचं घर. अंगणातल्या लिंबाखाली जुनी फियाट उभी होती आणि तिच्या पुढच्या सीटखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर सोडून गेणबा सकाळपासून धुसफुसत होता.

दुपारी कवठे येमाईचा बाळासो विकलेली गाडी न्यायला येणार होता. गेणबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, समोरून येणारी एक बैलगाडी दोन दिसायला लागली, तेव्हा लेकानं किल्ली काढूनच घेतली होती. गाडी जाणार याचं गिताबाईला फार काही वाटत नव्हतं. पण गाडीत, डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्याला भोरीची घंटा जखडलेली होती. ती तिला घरात हवी होती. साबूत हवी होती. मरायच्या आधी तिचा नाद एकदा कानी पडावा, एवढंच तिनं मागितलं होतं.

भोरी म्हणजे त्यांच्या कळपातली म्होरकी मेंढी. दिवाळी सरली की मेंढरं घाटाकडं निघायची. पुढं भोरी, तिच्या गळ्यात काशाची घंटा, बाजूला गेणबा. आणि सगळ्यांच्या मागं, घोड्यावर बिऱ्हाड टाकून गिताबाई. पहाटेच्या धुक्यात मेंढरं दिसायची नाहीत, नवरा दिसायचा नाही. नुसत्या नादाच्या मागं ती चालायची, पाठीवरचं लेकरू त्याच नादावर झोपायचं आणि तिच्या ओठावर आपसूक यायचं,

पुढं वाजं गं घंटी, मागं पाऊल पडं माझं
घाट उतरून गेला, उतरंना मनाचं ओझं

पुढं रानं उसानं भरली. चराईला कुणी बांधावर उभं करीना. गेणबानं मेंढरं विकली, जुनी फियाट घेतली आणि लग्नाची, जेजुरीची भाडी मारायला लागला. घंटा तेवढी त्यानं ठेवली. तिचा वरचा कडीसारखा कान लोखंडी पट्टीखाली घालून, दोन स्क्रू आवळून गाडीत बसवली. गिताबाईला कोण आनंद झाला होता! पण थोडेच दिवस वाजली आणि मुकी झाली. विचारलं तर म्हणाला, "लोलक गळून पडला."

नवा लोलक काही त्यानं बसवला नाही. मागच्या सीटवर बसून गिताबाई जेजुरीला जाऊन यायची आणि येताना-जाताना त्या मुक्या घंटेकडं बघून मनात म्हणायची, ह्या मानसाच्या मनातून मेंढरं पार उतरली.

"अवं, निघतंय का न्हाई?" तिनं दारातून विचारलं.

"निघंल की! तू डोक्यावर उभी राहू नगंस."

तेवढ्यात 'कर्रर्र' असा आवाज झाला आणि मागोमाग गेणबाच्या तोंडून एक शिवी. स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटला होता. एका स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं होतं, आता ते कशालाच धरीना.

गिताबाईनं मग त्याला न विचारता फाट्यावरच्या ईश्वरला सांगावा धाडला. ईश्वर मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन आला, सीटवर उताणा पडला, बॅटरी मारून बघितलं आणि हसायलाच लागला.

"मामा, हे काय गंजलंय म्हनायचं का पुजलंय?"

खरंच होतं त्याचं. दर भाड्याच्या आधी गेणबा गाडीपुढं नारळ फोडायचा. त्याचं पाणी घंटेवर शिंपडायचा, वर बिरदेवाच्या नावानं भंडारा उधळायचा. चिमूटभर भंडारा, ओंजळभर पाणी, असं साल न् साल. दोन्ही स्क्रूंच्या खाचा पिवळ्या लेपानं लिंपून निघाल्या होत्या आणि लेपाखाली लोखंड सडत होतं. पुजलेल्याला पाना लावायचा नाही म्हणून कुणी कधी ते सैल केलं नाही, पुसलंही नाही.

"देवाचं हाय त्ये. हसू नगं," गेणबा गुरकावला.

"देवाला काय बोलतोय मी? स्क्रूला बोलतोय. गॅसनं तापवू का? चुटकीसरशी सुटंल."

"गॅस नगं!" गेणबा इतक्या जोरात ओरडला, की लिंबावरची साळुंकी उडाली.

"तापलं का काशाचा आवाज जातो," गिताबाईही म्हणाली. "आन् ठोकून काढू नगं बाबा, कान मोडंल."

"मंग मला घाई करू नका, मामी. गंजलेल्याला दमानं घ्यावं लागतं."

गिताबाई घरात गेली आणि घोंगडी शिवायचं दाभण घेऊन आली. गुडघे टेकून, मान वाकडी करून तिनं साबूत स्क्रूच्या खाचेतला भंडारा उकरायला सुरुवात केली. पिवळे कण तिच्या हातावर, पदरावर पडत राहिले. खाली टाकायचा जीव होईना. कपाळाला लावत राहिली. हळूहळू खाच मोकळी झाली. ईश्वरनं तिच्यात रॉकेल सोडलं. ते मुरेपर्यंत चहा झाला.

मग त्यानं जाड तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत पुरता बसवला, मुठीवर हातोडीनं हलके टोले दिले आणि पहिल्यांदा उलटा नाही, सुलटाच फिरवला.

"आरं, आवळतोयस का सोडतोयस?" गेणबा म्हणाला.

"आदी थोडं आवळायचं, मंग सोडायचं. रुसलेल्या बायकूसारखं."

"तुझी कवा रुसली रं? नांदायलाच कुठं आलीय अजून!"

गिताबाई हसली आणि त्याच वेळी स्क्रू 'चिर्र' करून किंचित हलला. मागं, पुढं, परत मागं, असं करत तो अखेर हातात आला.

दुसरा, गेणबानं डोकं खाल्लेला, मात्र हटून बसला. ईश्वरनं आरीचं तुटकं पातं घेतलं आणि त्या गुळगुळीत डोक्यावर आडवी नवी खाच पाडायला लागला. जागा अडचणीची, पातं चार बोटांचं. गिताबाईनं खालून घंटा तळहातावर पेलून धरली होती. पात्याचा प्रत्येक हिसका घंटेतून तिच्या मनगटात उतरत होता, पण नाद असा नाहीच. एकदा पातं घसरलं आणि घंटेच्या कानाला घासलं. तिनं डोळे मिटून घेतले.

मग नव्या खाचेत स्क्रू फिरला आणि तळहातावर अचानक भार आला. पट्टी खाली पडली होती. घंटा तिच्या हातात होती, अख्खी.

बाहेर उजेडात येऊन तिनं ती उलटी केली आणि जागच्या जागी थांबली. आत तोंडापर्यंत काहीतरी गच्च कोंबलेलं होतं. बोट घालून ओढलं तसा लोकरीचा बोळा निघाला. भुरा, तेलकट. नाकाजवळ नेला. घाटातला ओला वास आला.

"ही भोरीची लोकर," ती म्हणाली.

बोळ्याच्या मागं लोलक होता, जागच्या जागी. घंटा वरून हिरवी-काळी पडली होती. आत मात्र लोकरीच्या तेलात लोलक कालच घातल्यासारखा लखलखीत होता.

"अवं, लोलक तर हाय की."

गेणबा चिंधीला हात पुसत राहिला. ईश्वर उगीचच पेटीतली हत्यारं लावत बसला.

"वाजली का पाय ब्रेकवर जायचा," गेणबा खाली बघत म्हणाला. "मागं वळून बघायचो, मेंढरं येत्यात का. एकदा पाटसच्या उताराला नवरीसकट गाडी चारीत घातली असती. मंग कोंबली लोकर."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? मेंढरं इकली म्या, आन् रडतोय पन मीच, असं? तू मागं गप बसायचीस. वाटायचं, पायाची वनवन सुटली, बरं वाटलं आसंल हिला."

बोळा गिताबाईच्या मुठीत तसाच राहिला.

बाळासो आला. गाडी फिरवून बघितली, चहा प्याला आणि गेला. फियाटचा धुरळा कालव्याच्या वळणावर बसला. लिंबाखाली तेलाचा काळा डाग उरला. दोघं उंबऱ्यावर बसली होती. गिताबाईनं घंटा जराशी कलंडली.

एकच ठोका पडला.

गेणबानं हात वर केला. "थांब."

ती थांबली. त्याचा हात तसाच हवेत होता. बांधापलीकडं उसाच्या पाण्याचं इंजिन चालू होतं, त्याचा फटफट आवाज येत राहिला. पुष्कळ वेळानं त्यानं हात खाली घेतला.

"आता वाजीव," तो म्हणाला. "घाट चढताना वाजायची, तशी."

तो ठेका तिच्या हाताला पाठ होता: दोन ठोके लागोपाठ, मग चढाला दम घेतल्यासारखा एक उशिरा. गिताबाई वाजवत राहिली, आणि गेणबा मोतीबिंदूच्या डोळ्यांनी रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिला.