डॅटसनचं दावं

जयाने दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि हाताला काही लागलंच नाही. समोर नुसता लोखंडी दांडा होता. गाडीला स्टिअरिंग नव्हतं.

ट्रेलरच्या साखळ्या सोडवत पप्पू मुद्दाम दुसरीकडे बघत होता. इतकी वर्षं तिच्या हाताखाली काम केल्यावर एवढं शहाणपण माणसाला येतंच. शेवटी त्याने सांगून टाकलं. येडगावला गाडी उचलायला गेला तेव्हाच स्टिअरिंग काढलेलं होतं. विचारलं तर घरातली म्हातारी म्हणाली, ते घरीच राहणार, तू गाडी ने. मग त्याने दांड्याला पकड लावून कशीबशी चाकं सरळ केली आणि गाडी ट्रेलरवर चढवली.

"आणि तू गप बसलास?"

"ताई, तिच्या हातात खुरपं व्हतं."

जयाला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. हसण्यासारखी वेळ नव्हती.

गाडी साधीसुधी नव्हती. डॅटसनची दोनशे चाळीस झेड, सत्तरच्या दशकातली, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतल्या अधिकाऱ्याने ती जपानहून आणली, जाताना लिलावात काढली, आणि चार हात फिरून ती येडगावच्या भिमाजीच्या गोठ्यात येऊन थांबली. भिमाजी बैलगाडा शर्यतींतला गाडामालक. शर्यतीच्या घाटात त्याचे बैल सुटले की लोक हातातला चहा विसरत. वेगाचं वेड असलेल्या माणसाने वेगाची गाडी घेतली याचं येडगावात कुणाला नवल वाटलं नाही, आणि ती बैलांच्या शेजारी गोठ्यात उभी केली याचंही नाही. पोळ्याला बैलांच्या मिरवणुकीत सगळ्यात शेवटी ही गाडी असायची, आरशांना बेगड लावलेली. भिमाजी गेला, मुलगा रामनाथ गिऱ्हाईक शोधू लागला, आणि कळंबच्या जयाचं नाव त्याच्या कानावर आलं.

जयाच्या वडिलांचं हायवेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं शेड होतं. त्याच शेडमध्ये ती आता पुण्या-मुंबईच्या शौकिनांच्या जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करत होती. कामाला तिच्या कुणी नावं ठेवत नसे, पण धंद्यातली जुनी माणसं अजूनही तिला ट्रॉलीवाल्याची मुलगी म्हणत. आजवर केलेल्या सगळ्या गाड्या दुसऱ्यांच्या. ही पहिली तिची स्वतःची, साठवलेल्या पैशांतून घेतलेली. ही अशी उभी करायची की मुंबईच्या माणसाने खाली वाकून बघावं आणि गप्प उठावं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

किंमत करायला ती गेली तेव्हा अख्खी सकाळ गाडीभोवती फिरत होती. पत्र्याला चुंबक लावून कुठे खड्ड्यात लांबीची पुट्टी भरून वरून रंग दिलाय ते पाहिलं, बोटांनी दारं वाजवली, इंजिनावरचा नंबर चासीच्या नंबराशी ताडून घेतला. मागच्या काचेखाली कोंबड्यांनी संसार थाटला होता आणि पायाखालच्या पत्र्याची गंजून जाळी झाली होती. पण इंजिन जन्माचं होतं, दोन्ही कार्बोरेटर जागेवर होते, आणि स्टिअरिंग मूळचं होतं. लाकडासारखं दिसणारं, तीन दांड्यांचं, भिमाजीच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं. असल्या गाड्यांचं स्टिअरिंगच लोक सगळ्यात आधी बदलतात. जयाने ते धरून पाहिलं आणि घासाघीस न करता रामनाथचा भाव मान्य केला. दारात बसून हे सगळं बघणारी भिमाजीची बायको लंकाबाई तेव्हा एवढंच म्हणाली होती, की आमचे धनी बैल असाच बघायचे.

गाडी पुरी झाली की पुण्याचे इनामदार ती घेणार होते. जुन्या जपानी गाड्यांचा त्यांना भारी नाद. फोटो बघूनच त्यांनी बजावलं होतं, की सगळं मूळचं असेल तर बोलू, आणि स्टिअरिंग मूळचं नसेल तर फोनसुद्धा करू नका.

दुसऱ्या दिवशी जया येडगावला गेली. रामनाथ ओशाळून अर्धा झाला. त्याला खरोखर पत्ता नव्हता. आई गोठ्यात काय करते हे बघायला त्याला फुरसत नव्हती, त्याच्या डोक्यात दिवाळीनंतरच्या खोल्या होत्या. गोठा पाडायचा, तिथे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून चार खोल्या बांधायच्या, आणि शनिवार-रविवार पुण्याच्या लोकांना द्यायच्या. जेसीबीवाल्याला त्याने सांगूनही ठेवलं होतं.

गोठा घराच्या मागे होता. लंकाबाई आत झाडत होती. झाडण्यासारखं तिथे काही नव्हतं, शेणाचा पो नाही की गवताची काडी नाही. भिंतीतल्या खुंटीवर स्टिअरिंग लटकत होतं.

"मावशी, गाडी मी विकत घेतली ना?"

"घेतली की. न्हाई कोण म्हणतंय?"

"मग हे?"

लंकाबाईने झाडू भिंतीला टेकवला. "जनावर इकल्यावर दावं देत्यात का? तूच सांग. हितलीच हाईस ना तू?"

जयाला माहीत होतं. तिच्या आजोबांनी गाय विकली तेव्हा घेणाऱ्याला नवं दावं आणायला लावलं होतं. जनावर जातं, दावं घरात राहतं. ते गेलं तर गोठ्याची बरकत जाते. पण हा नियम कुणी मोटारीला लावेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रामनाथ वैतागला. मोटार आहे ती, बैल नाही, असं आईला सुनावून त्याने खुंटीकडे हात नेला. जयाने त्याला थांबवलं. कुणाच्या घरातून म्हातारीच्या डोळ्यांदेखत वस्तू ओढून न्यायची, ही धंद्याची रीत तिला कधीच जमली नव्हती.

लंकाबाई मुलाकडे न बघता जयाशीच बोलत राहिली. "शर्यती बंद झाल्या तवा ह्यांनी चारी बैल इकलं. लई रागात व्हते, दाव्यासकट देऊन टाकलं. मी म्हनलं, दावी ठिवा. ऐकलं न्हाई. शर्यती परत चालू झाल्या, सगळ्यांच्या दावणी भरल्या, आमची न्हाई भरली. ही एक मोटार व्हती, तीबी गेली. आता दावं तरी ऱ्हाऊ दे."

"किती दिवस?"

"नवं जनावर येस्तवर. तवर खुंटीवरनं हालायचं न्हाई."

निघताना जयाने ते स्टिअरिंग कुणी काढलं म्हणून विचारलं. आटे कुठे दुखावले नव्हते, काम सफाईचं होतं. लंकाबाईने ट्रॅक्टरच्या पेटीतल्या पान्याकडे बोट दाखवलं. भिमाजीने अनेकदा ते काढलं-घातलं होतं आणि दर वेळी बॅटरी तिनेच धरली होती.

जयाने पावसाळाभर गाडीवर काम केलं. गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, तोही मूळच्या जोडाच्या खुणा राखून. इंजिन खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं. रंगाचे थर उतरवत गेली तेव्हा बिजागरीच्या आड नारिंगी रंगाचा नखाएवढा तुकडा मिळाला आणि पप्पूने तो डबीत घालून पुण्याला नेऊन तंतोतंत रंग बनवून आणला. सहा सिलिंडरचं इंजिन पहिल्यांदा एका दमात चालू झालं तेव्हा हायवेवरचे दोन ट्रकवाले थांबून आत आले. एवढं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालेलं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

राहिलं स्टिअरिंग. जपानमधल्या एका माणसाकडे त्याच सालचं मिळत होतं. तेही चांगलंच, पण ते दुसऱ्या गाडीचं. इनामदारांना असला फरक फोटोवरूनही कळायचा. दिवाळी जवळ आली, इनामदार येण्याचा दिवस ठरवू लागले, आणि लंकाबाईचं 'नवं जनावर येस्तवर' जयाच्या डोक्यात घोळायला लागलं.

शेडच्या मागे एक जोंगा पडून होती. लष्कराने भंगारात काढलेली दणकट गाडी, इंजिन नसलेली, गवतात चाकं रुतलेली. जयाने रामनाथला फोन केला. चार दिवस ही गाडी तुमच्या गोठ्यात लावते, आईंचं समाधान होईल, स्टिअरिंग मोकळं होईल, आणि जेसीबी यायच्या आत मी गाडी परत नेते. रामनाथ हसला आणि हो म्हणाला. कुणाचं नुकसान होत नव्हतं. जया स्वतःच्या डोक्यावर खूश होती.

जोंगा गोठ्यात ढकलायला पप्पू, रामनाथ आणि शेजारचे दोघं लागले. लंकाबाईने तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारून आवाज ऐकला.

"जातीचं हाय का?"

"त्याच घराण्यातलं," जया म्हणाली. "हिचा मूळ आराखडा तुमच्या गाडीच्याच कंपनीचा. लष्करात होती."

ते खरंच होतं, त्यामुळे सांगताना तिला अडखळायला झालं नाही. लंकाबाईने चाकांवर तांब्याभर पाणी घातलं, बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि खुंटीवरून स्टिअरिंग काढलं. पदराने ते सावकाश पुसलं. जयाने गुंडाळायला आणलेलं मऊ फडकं उघडून धरलं.

लंकाबाई तिच्या जवळून पुढे गेली आणि जोंगाच्या दारापाशी थांबली.

"हिचं हाय ते काढ," ती म्हणाली.

जयाला आधी कळलं नाही. मग कळलं. "मावशी, नवं जनावर आलं की हे सुटणार होतं ना?"

"खुंटीवरनं सुटलं की. नव्याच्या गळ्यात जातंय." लंकाबाईने स्टिअरिंग छातीशी धरलं होतं. तिचा आवाज चढला नाही. "दावं घातलं म्हंजी ते हितलं झालं. मंग चार दिसांनी कोन नेत न्हाई, पोरी."

चार दिवसांचं जयाने तिला सांगितलं नव्हतं. रामनाथ खाली मान घालून चपलेने जमीन उकरू लागला, म्हणजे त्यानेही नसावं. फोनवर मात्र तो अंगणात मोठ्याने बोलत असे.

जयाला लाज वाटली, चांगलीच वाटली. आपण एका म्हातारीला गंडवायला ट्रेलरभर खटाटोप करून आलो होतो, आणि तिने पाणी घालून, हळद-कुंकू लावून आपल्याला शेवटपर्यंत येऊ दिलं होतं. स्टिअरिंगचं तिला काय होतं? तिला गोठा उभा राहायला हवा होता, आणि भरला गोठा पाडायला रामनाथचाही हात उचलला नसता. एक शब्द बोलायचा अवकाश, रामनाथने ते आईच्या हातातून काढून दिलं असतं. कागदोपत्री ते जयाचंच होतं.

तिने फडक्याची घडी केली आणि पप्पूकडे हात पसरला.

"पाना दे."

जोंगाचं स्टिअरिंग तिने स्वतः काढलं. डॅटसनचं तिथे बसेना, आटे जुळत नव्हते. लंकाबाईने ते दांड्यावर तसंच अडकवलं आणि सुतळीचे चार वेढे देऊन घट्ट बांधलं. हिरव्या, पोपडे निघालेल्या त्या धुडात ते नाजूक स्टिअरिंग फार विजोड दिसत होतं, पण लंकाबाई दोन पावलं मागे सरून समाधानाने बघत राहिली.

हात पुसत जया रामनाथकडे वळली. जेसीबीवाल्याला नको म्हणा, ती म्हणाली, हा गोठा मला भाड्याने हवा आहे. गाड्या ठेवायला माझ्याकडे जागा पुरत नाही, ही एकच राहणार नाही, अजून दोन-तीन येतील. खोल्या वरच्या पडीक तुकड्यात बांधा, पाणी तिथून जास्त दिसतं. रामनाथने आईकडे पाहिलं, मग चढावरच्या त्या पडीक तुकड्याकडे पाहिलं, आणि भाडं कधीपासून धरायचं ते विचारलं.

"आजपासून," जया म्हणाली.

जया परतीला आपल्या जीपमध्ये बसत होती तेव्हा लंकाबाई मागून आली आणि जोंगाचं ते परातीएवढं काळं स्टिअरिंग तिच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुझ्या दावणीचं. इसरली व्हतीस."

कळंबला पोचल्यावर जयाने आधी इनामदारांना फोन लावला. मूळचं स्टिअरिंग येणार नाही, त्याच सालचं जपानहून मागवते, गंजलेला पत्रा सोडला तर बाकी गाडीत एक खिळासुद्धा परका नाही, तसं लिहून देते, आणि भाव तोच राहील. इनामदारांनी मूळचं कुठे आहे म्हणून विचारलं. ते कामाला लागलंय, असं तिने सांगितलं. मग ते म्हणाले, दोन दिवसांनी कळवतो. कळवा, ती म्हणाली आणि फोन ठेवला. नारिंगी डॅटसन शेडच्या मधोमध उभी होती, आणि तिच्याकडे बघताना जयाला दोन दिवसांची काळजी वाटली नाही.

पप्पूने जीपमधून जोंगाचं स्टिअरिंग उतरवलं. रबर तडकलेलं, एक दांडी वाकलेली.

"हे भंगारात टाकू का, ताई?"

जयाने शेडच्या भिंतींवरून नजर फिरवली. वडिलांच्या वेळच्या भिंती, जिथे तिथे पाने आणि पत्र्याचे नमुने टांगलेले. दाराशेजारची जागा रिकामी होती.

"नको. तिथं एक खुंटी ठोक."

पप्पू शेतकऱ्याचा मुलगा. तो लगेच हातोडी आणायला गेला.